दुपारी उघडणारी चीर

त्या चिरेवरून मी ज्यांच्याशी भांडले त्यांतली बहुतेक माणसं आता हयात नाहीत. म्हणून मी आता गोड बोलावं अशी कुणाची अपेक्षा असेल तर त्यांनी पुढं वाचू नये. मी तेव्हाही गोड बोलले नव्हते.

संस्थान विलीन होऊन दोन-चार वर्षं झाली होती. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलात मी शास्त्र शिकवायला लागले. बी.एस्सी. झालेली बाई म्हणून सुरुवातीला लोक मला नुसतं बघायला यायचे. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीसही असेच एकदा वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, माझं सगळं बोलणं ऐकलं आणि जाताना म्हणाले, "आवाज चांगला आहे हो तुमचा." मी उष्णतेचं वहन शिकवत होते. त्याबद्दल अवाक्षर नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

तोपर्यंत त्या शाळेत मुलींना गृहशास्त्र होतं. शिवण, स्वयंपाक, बाळाची निगा. पदार्थविज्ञान आणि रसायन ही मुलांच्या शाळेतली गोष्ट. त्या वर्षी पहिल्यांदा दहावीतल्या अकरा मुलींनी शास्त्र घेतलं आणि मंडळानं कुरकुरत का होईना, मागच्या अंगणात त्यांच्यासाठी एक खोली बांधून दिली. खोलीची एक बाजू शाळेच्या जुन्या, हातभर जाड भिंतीला टेकलेली. समोरची भिंत नवी, काळ्या दगडाची. वर पत्रे, आणि पत्र्यांच्या खाली या भिंतीतून त्या भिंतीत गेलेल्या तीन तुळया. दोन सागाच्या होत्या. तिसरीला चांगला साग मिळेना, म्हणून खोली बांधणाऱ्या मिस्त्रींनी रेल्वेचा एक जुना रूळ पैदा केला आणि मधली तुळई म्हणून तो टाकला. वीस फुटी, काळाकुट्ट, दणकट. खोली पुरी झाली ती ऐन थंडीत. आम्ही बाकं लावली, फळा लावला, दोन स्पिरिटचे दिवे आणि एक तराजू मांडला आणि मी राणीसारखी शिकवायला लागले.

शिमगा झाला, उन्हं तापली आणि नव्या भिंतीला चीर पडली. रुळाचं टोक जिथं भिंतीत घुसलं होतं तिथून निघून ती तिरकी खाली आली होती.

मंडळाचे दोन सभासद चीर बघायला आले, पण वेगवेगळे. एक सकाळी देवीचं दर्शन घेऊन आठच्या सुमाराला आले. दुसरे जेवून, वामकुक्षी आटपून तीनला. संध्याकाळच्या बैठकीत पहिले म्हणाले, केसाएवढी चीर आहे, गिलावा सुकला की असं होतंच. दुसरे म्हणाले, केस कसला, भिंत दुभंगली आहे, आणि वरचा रूळसुद्धा वाकलाय, मी डोळ्यांनी बघितलं. दोघांचं जुंपलं. एकानं दुसऱ्याचे डोळे काढले, दुसऱ्यानं पहिल्याची अक्कल. दोघंही खरं बोलत होते, हे त्या बैठकीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शेवटी चिटणीसांनी दोघांना गप्प केलं आणि निकाल दिला: पत्र्यांचा भार रुळाला पेलत नाही, छप्पर मुलींच्या डोक्यावर येणार, सबब खोली बंद. दुसरी खोली नाही, सबब शास्त्राचा वर्ग बंद. मुलींनी अकरावीला गृहशास्त्र घ्यावं. येत्या मंगळवारी दुपारी तीनला मंडळ जागेवर येऊन शिक्कामोर्तब करील.

आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना आम्ही सगळ्या मोठ्या बाई म्हणायचो, मला आपल्या खोलीत बोलावून हे सांगितलं. त्यांची पेन्शन दीड वर्षावर आली होती. आयुष्यभर त्यांनी मंडळापुढं मान खाली घातलेली. म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वर्ग काय, पुढं कधीतरी निघेल."

"पुढं म्हणजे कधी?" मी विचारलं.

त्यांनी नोटिशीचा कागद माझ्यापुढं सरकवला. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात होता.

मी बाहेर आले तर व्हरांड्यात गडमुडशिंगी गावाहून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील उभे होते. जैन शेतकरी, पांढरं धोतर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांच्या कानावर बातमी गेलेली. मला म्हणाले, "बाई, शास्त्र बंद झालं म्हणं. खरं हाय का?"

"अजून झालं नाही."

"झालं तर पोरगीला घेऊन जातो मी. स्वयंपाक तिची आईच शिकवती की. त्याच्यासाठी रोज एवढी तंगडतोड कशाला? एक स्थळ आलंय, बघून टाकू."

मला त्यांच्यावर रागच धरता येईना. माणूस बरोबर बोलत होता. ती पोरगी त्यांच्या मागं, दप्तर छातीशी धरून, माझ्याकडं टक लावून बघत होती. मी म्हटलं, "मंगळवारपर्यंत थांबा. त्याच्या आधी तिला हलवलंत तर माझ्याशी गाठ आहे." ते चमकले. कुणी बाई त्यांच्याशी असं बोललीच नव्हती बहुतेक. पण थांबले.

आता मला दोन सभासदांचं भांडण आठवलं, आणि सकाळ-दुपारचा फरक खटकायला लागला. मी घरून जुनी पोस्टकार्डं आणली. रोज सकाळी सातला आणि दुपारी तीनला चिरेपाशी स्टुलावर चढून बघायचं, किती कार्डं एकावर एक आत जातात ते. सकाळी एकही जाईना. दुपारी चार जायची. दुसरी गोष्ट, एक बांबूची काठी सकाळच्या वेळी तासून अशी बेतली की ती रुळाखालून, जमिनीवर उभी धरून, जेमतेम पलीकडं जावी. तीच काठी दुपारी मधोमध अडायची. रूळ खाली आलेला असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी परत सुरळीत पार. एका दिवशी आभाळ आलं होतं, वळवाचं. त्या दुपारी एकच कार्ड गेलं आणि काठी अडली नाही. मी स्टुलावर उभी होते तिथंच जोरात टाळी वाजवली. शिपाई धावत आला, म्हणाला, बाई, पडलासा काय?

अहो, रुळाला भार पेलत नसता तर तो सकाळीही वाकलेलाच दिसला असता! पत्रे काय रात्री उठून आपापल्या घरी जातात? भाराचा काही संबंधच नव्हता. पत्रे तापले की त्यांच्याखालचा रूळ तापायचा, तापला की लांब व्हायचा. वीस फुटाला एखाद्या दोऱ्यानं, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शानं, जास्त नाही. पण त्या एका दोऱ्याला जायला जागाच नव्हती. जुनी भिंत हलणारी नव्हती. मग तो नव्या भिंतीला ढकलायचा आणि तरीही उरलेली लांबी मावेना म्हणून स्वतः मधोमध वाकायचा. रात्री गार झाला की आखडायचा, सरळ व्हायचा, भिंतही मागं यायची. मुलींना मी हेच तर पुस्तकातून शिकवलं होतं, कांबीला चिमटा लावून आणि खाली दिवा धरून! पुस्तकातलं माझ्या डोक्यावर रोज चाललेलं होतं आणि मला कळायला पाच दिवस लागले. स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी मी मिस्त्रींच्या घरी गेले, मंगळवार पेठेत. साठीचा माणूस, पंजा एवढा मोठा की त्यात चहाची बशी दिसेना. हातानं दगड घडवणारा, गावातले कितीतरी माडीचे वाडे त्यानं उभे केलेले. मी विचारलं, रुळाची टोकं भिंतीत कशी बसवली?

"कशी म्हंजे? घट्ट." छाती पुढं काढूनच बोलले. "टोकाच्या चारी अंगानं कपच्या ठोकल्या, गुळाच्या पाण्यात मळलेला चुना भरला. सुई शिरायची न्हाय. चाळीस वर्सं तुळया बसवतोय बाई. आजपातूर एक हललेली न्हाय."

"त्या सागाच्या होत्या."

"मग?"

"साग उन्हानं लांब होत नाही. लोखंड होतं. त्याला टोकाला जागा ठेवायला हवी होती."

मिस्त्री हसले. त्यांच्या घरातले सगळे हसले. मी म्हटलं, "मिस्त्री, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, ती तापवून का चढवतात?"

"तापल्यावर मोठी हुती म्हून. गार झाली की आवळून बसती. शेंबड्या पोरालाबी ठावं हाय ते."

"मग रूळ तापल्यावर काय होईल?"

"ते चाकाचं झालं," मिस्त्री म्हणाले. "ह्ये तुळईचं हाय. चाकाचं लोहाराला इचारा."

मी हात टेकले. मस्करी करत नव्हता माणूस. धाव लोहाराची, तुळई गवंड्याची. एका लोखंडाचे दोन कायदे, हे त्यांना मनापासून पटलेलं. आणि दुसरंही होतं, ते मला निघताना कळलं. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी टोक मोकळं केलं तर गाव म्हनंल मिस्त्रीची तुळई चुकली. ह्या वयात? न्हाय जमायचं."

"मग मी करते," मी म्हटलं.

"कराच की," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्यांना वाटलं मी रागाच्या भरात बोलले. होतेच रागाच्या भरात. तशीच बाजारात गेले आणि एक छिन्नी आणि एक हातोडी घेऊन घरी आले. आईनं विचारलं, हे काय? सांगितलं. ती म्हणाली, "अगं, शिडीवर चढून भिंत फोडणारी मुलगी बघितली तर येणारी स्थळं वाटेतूनच परत जातील."

"जाऊ देत. रस्ता चांगला आहे," मी म्हटलं. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

रविवारी सकाळी सातला मी शाळेत गेले. सातलाच, कारण त्या वेळी रूळ गार असतो, आखडलेला असतो, भिंतीला रेटत नाही. शिपायाला नव्या भिंतीपाशी शिडी धरायला लावली, पदर खोचला आणि वर चढले. गुळाचा चुना! काय सांगू तुम्हाला, दगड परवडला. पहिल्या पाच मिनिटांत हाताला फोड आला. कपची एक-एक करून निघायला लागली, मला चेव चढला, आणि मी रुळाच्या टोकाखालची कपची उकरायला घेतली.

"आगागागाऽ! केली का माती! खालची काढताय व्हय?"

खाली मिस्त्री. धोतर अर्धं खोचलेलं, श्वास चढलेला. पहाटे कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की काल एक बाई बाजारात छिन्नी घेत होती. "बुडातली कपची काढलासा तर रूळ थेट टाळक्यात! टेकू कुटाय? टेकू न लावता चढलासा? बी.एस्सी. म्हनं!"

चूक माझी होती. सरळ सांगते, मी रूळ ज्याच्यावर टेकला होता तेच काढायला निघाले होते. रूळ का वाढतो ते मला माहीत होतं, भिंत कशी उभी राहते ते नव्हतं. मी वरूनच म्हटलं, "मग तुम्ही चढा. नाहीतर मी काढतेच आहे."

मिस्त्रींनी मला अशी एक शिवी दिली जी इथं लिहिता येत नाही, आणि रुळाखाली दोन वासे टेकू लावून वर चढले. टोकाच्या मागची जागा त्यांनी दोन बोटं मोकळी केली, दोन्ही कडांच्या कपच्या सैल केल्या, खालची मात्र तशीच राखली. मग थांबले. बराच वेळ त्या टोकाकडं बघत बसले. मला म्हणाले, "लांब हुतोय म्हंजे सरकतोय न्हवं? मग खाली चुन्यावर खरखरंल की." खाली उतरले, जस्ताच्या पत्र्याचा एक तुकडा आणला, पहारीनं रूळ केसभर उचलून तो खाली सारला, आणि गाडीच्या आसाला घालतात ते काळं वंगण त्याच्यावर चोपडलं. हे माझ्या पुस्तकात कुठंच नव्हतं. माझ्या डोक्यातही आलं नसतं.

हात पुसताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "लोहाराचं काम हाय ह्ये. गवंड्याचं न्हवंच."

"तसं समजा," मी म्हटलं.

मंगळवारी तीनला मंडळ आलं. चिटणीस, ते दोघे भांडखोर सभासद आणि हातात नोटिशीचा कागद घेतलेल्या मोठ्या बाई. अकरा मुली व्हरांड्यात रांगेत उभ्या. गडमुडशिंगीच्या मुलीचे वडीलही एका खांबाला टेकून उभे होते, निकाल ऐकूनच पोरीला न्यायची की ठेवायची ते ठरवायला. ऊन असं की पत्रे तडतड वाजत होते. मी स्टुलावर चढले, चिरेला पोस्टकार्ड लावलं. गेलं नाही. काठी धरली. पार झाली. मग मी आठवड्याचे आकडे वाचून दाखवले, सकाळ-दुपारचे, ढगाळ दिवसाचेसुद्धा. दोघे सभासद एकमेकांकडं बघायला लागले. दोघांचीही चूक नव्हती हे कळल्यावर दोघंही एकदम नाराज झाले.

चिटणीस दारातच उभे होते. म्हणाले, "मंडळाच्या परवानगीशिवाय तुम्ही भिंत फोडलीत. हे कुणाला विचारून?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून मिस्त्रींचा आवाज आला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "चूक माजी हाय सायेब. लाकूड समजून लोखंड चेपलं मी. बाईंनी दावली म्हून कळली. गावात सांगा खुशाल, मिस्त्री चुकला म्हून." एवढं बोलून ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. त्या माणसाला हे बोलायला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला, कारण चिटणीस बघत होते.

"असेल," चिटणीस म्हणाले. "आज चीर उघडली नाही, उद्या उघडेल. मुलींच्या जिवाचा प्रश्न आहे. मी स्वतः या रुळाखाली पाऊल टाकायला धजत नाही, तर लोकांच्या मुली कशा बसवू? वर्ग बंद. मोठ्या बाई, नोटीस वाचा."

"तुम्हाला छप्पर पडण्याची भीती नाही," मी म्हटलं. "ते उभं राहील याची आहे." आवाज माझा चढलेला होताच, आणखी चढला. "सकाळी एक सांगता, दुपारी एक सांगता. मोजून दाखवलं तर परवानगी विचारता. मोजायचं नव्हतं तर आलात कशाला?"

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. कागद उघडला. वाचणार असं वाटलं. मग त्यांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला, चिटणीसांच्या शेजारून खोलीत शिरल्या आणि बरोबर रुळाच्या खालच्या बाकावर, मुली बसतात तशा, जाऊन बसल्या. पदर सारखा केला. मला म्हणाल्या, "घंटा होऊन दहा मिनिटं झाली. तास घ्या तुम्ही."

मुलींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. धडाधड आत आल्या. गडमुडशिंगीची सगळ्यांत पुढं, मोठ्या बाईंच्या बाकावर त्यांना खेटून बसली. मी फळ्याकडं वळले आणि शिकवायला लागले. काय शिकवलं ते आज विचारू नका, मला एक अक्षर आठवत नाही. चिटणीस थोडा वेळ उन्हात उभे राहिले आणि गेले.

पुढच्या वर्षी अकराच्या अकरा मुली शास्त्र घेऊन अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, परीक्षेला बसल्या. नऊ पास झाल्या, दोन नापास. गडमुडशिंगीची नापास. निकालाच्या दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी मला रस्त्यातच गाठलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हणाले, "बघितलंत?"

"बघितलं," मी म्हटलं. "ऑक्टोबरला परत बसतेय ती, शास्त्र घेऊनच. तिचे वडील सकाळीच येऊन फॉर्म घेऊन गेले."